नम्र कुणी व्हायचं?

आमच्या चर्चात नम्रतेवर जेवढे उपदेश झाले तेवढे जातीवर झाले असते, तर आज या पानावर लिहायचं मला कारण उरलं नसतं. नाताळाच्या आधी नम्रता. गुड फ्रायडेच्या आधी नम्रता. लग्नात नवरीला नम्रता. मयतीला, मेलेला किती नम्र होता त्याची साक्ष. पगारवाढ मागितली की नम्रता. हिशेब मागितला की नम्रता. पोराला मिशनच्या इंग्रजी शाळेत घ्या म्हटलं की नम्रता. साला, देवाच्या दुकानात हा एकच माल शिल्लक होता काय? आणि तोही नेमका आमच्याच पदरात कसा पडला?

मित्रांनो, मी ख्रिस्ती आहे. नगर जिल्ह्यातला. 2024 पासून कागदावर त्याला अहिल्यानगर म्हणतात. माझा खापरपणजा महार होता. दुष्काळानंतर त्यानं बाप्तिस्मा घेतला. गावानं त्याला किरिस्ताव म्हटलं, बाटगा म्हटलं, आणि ठेवलं महारवाड्यातच. आजही बौद्ध दोस्त विचारतात, 'तू अजून तिथंच?' चर्चमधले विचारतात, 'तू त्या जयभीमवाल्यांच्यात कशाला?' दोघांनाही एकदमच उत्तर देऊन टाकतो.

माझं म्हणणं सरळ आहे. नम्रता म्हणजे खाली उतरणं. उतरायला पायरी लागते. जो पायरीवर उभा आहे त्यानं उतरावं. जो जमिनीवरच बसलाय त्याला 'उतर' म्हणायचं म्हंजे त्याला खड्ड्यात ढकलायचं. पहिल्याला नम्रता म्हणतात. दुसऱ्याला लाचारी म्हणतात. गेली दीडशे वर्षं आम्हाला लाचारी दिली जातेय आणि डब्यावर चिठ्ठी चिकटवलीय नम्रतेची.

०००

खाली वाकायचं आम्हाला कुणी शिकवायला नको होतं. आमच्या कण्यालाच ते शिकवलेलं होतं. पाटलाच्या वाड्यापुढं लांब उभं राहायचं. नजर भुईला. 'जोहार मायबाप.' सावली पडू द्यायची नाही. वरनं टाकलेली शिळी भाकर पदरात झेलायची आणि टाकणाऱ्याचं कल्याण चिंतायचं. पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात मडकं नि कमरेला झाडू होता, हे बाबासाहेबांनी 1936 साली लिहून जगापुढं ठेवलं. या सगळ्याला गावानं गुलामी कधीच म्हटलं नाही. गाव म्हणायचं, 'महार मोठा इमानी. गरीब बिचारा. कधी मान वर करून बोलला नाही.' गावाच्या लेखी आम्ही नम्रच होतो. अख्ख्या हिंदुस्थानात आमच्याएवढं नम्र कोण होतं?

1831 साली अमेरिकन मराठी मिशननं नगरला ठाणं मांडलं. मिशननं जे केलं ते नाकारायला मी हरामखोर नाही. ज्या हातांनी मेलेलं ढोर ओढलं त्या हातांत पाटी-पेन्सिल दिली. आमच्या बायांना अक्षर दिलं, त्यांना बायबल-बाई करून गावोगाव बोलायला उभं केलं. ज्या अंगाला गाव शिवत नव्हतं त्या अंगाला दवाखान्यात हात लावला. 1876 ते 1878 चा दुष्काळ पडला. तेव्हा आणि त्यानंतर महार-मांगांचे वाडेच्या वाडे ख्रिस्ती झाले. 'भाकरीसाठी बाटले' असं पोट भरलेली माणसं अजून म्हणतात. बाटले तर बाटले! उपाशी पोटाला ज्यानं भाकर दिली त्याचा देव खरा वाटला. यात लाज वाटायची असेल तर ज्यांनी त्या साली आपली पेवं झाकून ठेवली त्यांना वाटावी.

पण मिशनच्या कंपाउंडात एक घोटाळा झाला. जोहार गेला आणि त्याच्या रिकाम्या जागेवर नम्रता येऊन बसली. वाड्याऐवजी बंगला आला. पाटलाऐवजी साहेब आला, साहेब गेल्यावर आपल्याच रंगाचा साहेब आला. उभं राहायची जागा तीच राहिली, पायरीच्या खाली. मायबाप बदलला, जोहार करणारा बदलला नाही.

याचं कारण उपदेशातच होतं. आम्ही गावकुसाबाहेर का आहोत, हा प्रश्न घेऊन आमची माणसं देवाच्या दारात गेली होती. उत्तर मिळालं: तू पापी आहेस म्हणून. गुडघे टेक, पश्चात्ताप कर. अरे, पाप कुणी केलं? विहीर कुणी बंद केली? ज्यानं केली त्याला कुणी गुडघे टेकायला लावले? ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर बाबासाहेबांनी लिहून ठेवलेलं त्यांच्या हयातीत छापलं गेलं नाही. सरकारनं काढलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात ते 1989 साली आलं. ख्रिस्ती म्हणवणाऱ्या प्रत्येक पोरानं ते वाचावं. बाबासाहेबांनी बरोबर नस दाबलीय. अस्पृश्याची अवस्था भोवतालच्या समाजानं आणि धर्मानं केली, तेव्हा त्या भोवतालावर हल्ला कर, असं त्याला सांगायला हवं होतं. त्याऐवजी त्याला त्याच्याच पापाकडं बोट दाखवलं. मग तो लढेल कशाला? तो स्वतःलाच कोसत बसणार. 1938 च्या सुरुवातीला सोलापुरात ख्रिस्ती मंडळींसमोर बोलतानाही बाबासाहेबांनी हेच दुखणं सांगितलं होतं: तुम्ही शिकलात, पण अन्यायाविरुद्ध लढला नाहीत.

आमच्या पाळकांनी त्यावर काय केलं? नम्रतेवर आणखी एक उपदेश.

०००

आता पुस्तकाकडं येऊ. कारण 'हे सगळं पवित्र शास्त्रात आहे' असं म्हणून आमची तोंडं बंद करतात. काय आहे शास्त्रात? मी वाचलंय. आमच्या आजीनं मिशनच्या शाळेत वाचायला शिकून घेतलं होतं, ते काय फक्त जन्म-मरणाच्या नोंदी वाचायला नव्हे.

योहानाच्या तेराव्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो. नम्रतेचा प्रत्येक उपदेश या प्रसंगावर येऊन थांबतो. तर नीट पाहा. त्या मुलखात पाहुण्याचे धुळीनं भरलेले पाय धुणं हे गुलामाचं काम होतं. येशू जेवणावरून उठला. अंगावरचं वस्त्र काढून ठेवलं, कमरेला टॉवेल बांधला, भांड्यात पाणी ओतलं आणि बसला एकेकाच्या पायाशी. पेत्र बिथरला. का बिथरला? उतरंड ढासळताना दिसली की वरच्या मडक्यापेक्षा मधल्याला जास्त घाम फुटतो.

आता सांगा, येशूनं एखाद्या गुलामाला बोलावून नम्रतेवर व्याख्यान दिलं काय? 'पाय धुण्याचं तुझं काम हसतमुखानं कर, स्वर्गात मजुरी मिळेल' असं म्हटला काय? गुलामाला त्यानं हातही लावायला लावला नाही. गुलामाचं काम त्यानं स्वतः केलं. आणि उद्या जे मंडळीचे पुढारी होणार होते त्या शिष्यांना बजावलं की, आता तुम्ही हेच करायचं. नम्रतेचा धडा पुढाऱ्यांसाठी होता, भडव्यांनो! तो तुम्ही झाडूवालीला वाचून दाखवता?

आणि या प्रसंगाचं पुढं काय केलं ते बघा. पवित्र गुरुवारी कॅथलिक चर्चात बारा खुर्च्या मांडतात. बारा माणसं आधीच निवडलेली असतात. ती घरनं साबणानं पाय घासून येतात. फादर तांब्यातनं थोडं पाणी सोडतो, पुसतो, पुढं सरकतो. मोबाइलवर फोटो निघतात. शुक्रवारी सकाळी ते सांडलेलं पाणी कोण पुसतं? त्या बाईचे पाय गुरुवारी त्या खुर्चीवर होते काय? 2016 पर्यंत तर या विधीच्या नियमात फक्त पुरुषांचे पाय बसत होते. 2013 साली पोप फ्रान्सिस रोमच्या बालतुरुंगात गेला आणि तिथल्या कैदी पोरा-पोरींचे पाय धुतले, त्यात मुसलमानही होते. त्यानंतर कागदावरचा नियम बदलायला तीन वर्षं लागली. शहात्तर वर्षांच्या म्हाताऱ्या पोपाला फरशीवर गुडघे टेकता आले. आमच्या कमिटीच्या चेअरमनला पन्नाशीतच कंबरदुखी होते.

दुसरा गाल पुढं कर, हे आम्हाला रोज ऐकवतात. पण योहानाचा अठरावा अध्याय उघडायला पाळकाचा हात का थरथरतो? मुख्य याजकापुढं उभा असताना येशूच्या तोंडात एका शिपायानं मारली. येशूचे हात बांधलेले होते. त्यानं दुसरा गाल पुढं केला नाही. त्यानं शिपायाला जाब विचारला. माझं काय चुकलं ते दाखव, आणि दाखवता येत नसेल तर हात का उचललास? हा येशू आमच्या चर्चच्या भिंतीवर टांगलेला दिसत नाही. टांगलेला आहे तो मेंढरू खांद्यावर घेतलेला, गोरा, गप्प.

पौलाचं घ्या. फिलिप्पै शहरात त्याला नि सीलाला चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकलं. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप धाडला, सोडलंय, जा निघून. एखादा 'नम्र' ख्रिस्ती असता तर थँक्यू म्हणून पळाला असता. पौल जागचा हलला नाही. आम्ही रोमचे नागरिक, चारचौघांत मारलंत आणि आता गुपचूप काढता? स्वतः या आणि बाहेर काढा. आले साले! येऊन मिनतवारी केली. नागरिकत्वाचा हक्क मागणं ही उद्धटाई असती तर प्रेषितांची कृत्यं या पुस्तकाचा सोळावा अध्याय कुणी फाडून टाकला असता.

आणि मरीया? स्वतःला देवाची दासी म्हणणारी ती पोर. तिच्या गाण्यात सिंहासनावरून खाली ओढलेले सत्ताधीश आहेत, रिकाम्या हातानं वाटेला लावलेले श्रीमंत आहेत. हे गाणं नाताळात चार आवाजांत, पेटीवर, छान सुरात म्हणतात. सूर इतका गोड लावतात की शब्द कानात शिरूच नयेत.

मी काही नवं सांगत नाही. 1981 साली बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मल या माणसानं शूद्रांच्या ईश्वरशास्त्राची गरज मांडली. त्यातनं पुढं दलित ईश्वरशास्त्र उभं राहिलं. त्यानं म्हटलं, आमचा देव सेवक आहे, म्हणजेच तो दलित आहे. दलिताचं झाडणं-पुसणं, उचलणं-वाहणं ज्याच्या वाट्याला आलं तो देव. आता एवढं समजल्यावर दलिताला 'देवासारखा नम्र हो' कसं म्हणता? देव आमच्यासारखा झाला! आता तुम्ही व्हा.

०००

तर उतरायचं कुणी, याचा पत्ता काढू.

तमिळनाडूत तिरुचिरापल्लीला कॅथलिकांच्या दफनभूमीत भिंत घातलेली आहे. भिंतीच्या एका बाजूला वरच्या जातीची ख्रिस्ती हाडं, दुसऱ्या बाजूला दलित ख्रिस्ती हाडं. पुनरुत्थानाच्या दिवशी म्हणे सगळे मेलेले एकदम उठणार. उठल्यावर काय, भिंतीवरनं एकमेकांकडं बघत बसणार? 2008 साली त्याच राज्यात एरैयूर गावात दलित ख्रिस्त्यांनी आपलं वेगळं चर्च मागितलं, कारण आहे त्यात अपमानाशिवाय काही मिळत नव्हतं. वन्नियार ख्रिस्ती त्यांच्या वस्तीवर चालून गेले. पोलिसांनी गोळीबार केला, दोन माणसं मेली. हल्लेखोरही ख्रिस्ती, मार खाणारेही ख्रिस्ती. दोघांच्याही घरात तोच मेंढरूवाला फोटो.

गोव्याकडं बघा. 1510 मध्ये पोर्तुगीज आले. पाचशे वर्षं झाली. देव बदलला, आडनावं बदलली, पाव खाल्ला. पण बामण, चारडो, सुदीर शिल्लकच. सोयरीक ठरवताना अजून जात बघतात. 2016 साली भारताच्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं दलितांविषयीचं धोरण छापलं आणि चर्चमध्ये अस्पृश्यता आहे हे कागदावर मान्य केलं. 2022 साली हैदराबादचे अँथनी पूला कार्डिनल झाले. हिंदुस्थानातला पहिला दलित कार्डिनल! टाळ्या वाजवा. पण आधी हिशेब करा, इथं पहिला कार्डिनल 1953 साली झाला होता. मधली एकोणसत्तर वर्षं नम्र कोण होतं?

आणि सरकार? 10 ऑगस्ट 1950 ला राष्ट्रपतींचा आदेश निघाला. हिंदू सोडून दुसरा धर्म मानणारा अनुसूचित जातीचा नाही. 1956 साली शिखांना आत घेतलं, 1990 साली बौद्धांना. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच. मद्रासच्या रस्त्यावर चपला शिवणारा सोसाई नावाचा मोची होता. सरकारी योजनेत मोच्यांना टपऱ्या मिळाल्या. याला नाकारली, कारण ख्रिस्ती. तो सुप्रीम कोर्टात गेला. 1985 साली कोर्ट म्हणालं, धर्म बदलल्यावरही तेच हाल तेवढेच राहिले याचा पुरावा पुरेसा नाही. रस्त्यावर बसून दुसऱ्याच्या चपला शिवणाऱ्या माणसाकडं पुरावा नव्हता! 2007 साली रंगनाथ मिश्र आयोगानं सांगितलं, ही धर्माची अट काढा. काढली नाही. 2022 साली पुन्हा आयोग नेमला, बालकृष्णन आयोग. तोवर आमच्या पोरीवर कुणी हात टाकला तर 1989 चा ॲट्रॉसिटीचा कायदा आमच्यासाठी नाही. मारताना गाव आम्हाला महार म्हणून मारतं, आणि फिर्याद लिहिताना फौजदार आम्हाला ख्रिश्चन म्हणून हाकलतो.

अशा वेळी बिशपांनी रस्त्यावर बसायला पाहिजे की नको? काही बसले, त्यांना सलाम. बाकीच्यांनी नम्रपणे निवेदन दिलं. चर्चच्या शाळा, कॉलेजं, जमिनी यांच्यावर टाच यायची वेळ आली की याच लोकांचे वकील दिल्लीपर्यंत धावतात. तिथं नम्रता आड येत नाही. आमच्या हक्काच्या वेळेलाच ती कुठनं उगवते?

०००

माझी आई पंचवीस वर्षं एका चर्चचं आवार झाडत होती. चर्चचं नाव घेत नाही. नाव घेतलं तर बाकीची सुटतील. रविवारी उपासनेआधी बाकं पुसायची, नंतर संडास धुवायची, मधल्या वेळेत मागच्या बाकावर बसून देवाचं ऐकायची. एका वर्षी तिनं पगार वाढवून मागितला. कमिटीत शिकलेली माणसं. निवृत्त मास्तर, बँकेतला साहेब, वकील. ती उभी, ते खुर्चीवर. म्हणाले, 'बाई, ही देवाच्या घरची सेवा. ती पैशात मोजू नये. नम्र राहा, आशीर्वाद मिळेल.' आई म्हणाली, 'मग पाळकसाहेबांची सेवा कशात मोजता?'

एवढंच. शिवी नाही, आरडाओरडा नाही. एक प्रश्न. पुढच्या महिन्यात काम गेलं. ती 'तोंडाळ' निघाली. मंडळीत बोभाटा झाला की या बाईत नम्रता राहिली नाही.

आई घरी येऊन रडली नाही. म्हणाली, 'मी खरं विचारलं. त्यांना उत्तर येत नव्हतं.' मी तिला फिलिप्पैच्या तुरुंगात पौलाशेजारी बसवतो. त्या पंचवीस वर्षांत त्या चर्चमध्ये नम्र माणूस एकच होता आणि त्यालाच त्यांनी हाकललं.

म्हणून मला कुणी विचारलं की, मग काय, ख्रिस्त्यानं उद्धट व्हायचं? तर नाही. मला नम्रता पाहिजे. रोज पाहिजे, आणि डोळ्यांना दिसेल अशी पाहिजे. तिच्या परीक्षा सोप्या आहेत. चर्चचा झाडू पाळीपाळीनं सगळ्यांच्या हातात जावा, सुरुवात पाळकापासून. संडास साफ करणाराला इतरांसारखाच पगार, फंड, सुट्टी मिळावी आणि कमिटीत खुर्ची मिळावी. हिशेबाची वही दानपेटीशेजारी उघडी ठेवावी, सहीनं अंगठ्याला उत्तर द्यावं. म्हातारी झाडूवाली आणि म्हातारी मास्तरीण, दोघींनाही 'अहो' म्हणावं. ज्याच्या बंगल्यात आमचा कप वेगळा असतो त्यानं प्रभुभोजनाच्या प्याल्याला तोंड लावू नये. आणि ज्याला जात नाही असं तो छातीठोक सांगतो, त्यानं आपल्या पोरीचं लग्न कुठं केलं तेवढं सांगावं. बास.

नम्रता आणि लाचारी यांतला फरक मला आईनं शिकवला. नम्र माणसाला 'नाही' म्हणता येतं. लाचाराला येत नाही. ज्या नम्रतेत 'नाही' म्हणायची सोय नाही ती नम्रता फेकून द्या.

०००

आता भावांनो, थोडं आपल्या घरात.

उतरंड म्हटली की आपण वर बघतो. खाली बघायचं सोयीनं विसरतो. आमच्या चर्चमध्ये महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती एकाच घंटेला येतात, एकच गीत म्हणतात, आणि सोयरिकीची गोष्ट निघाली की एकमेकांना ओळखत नाहीत. मिशनच्या शाळेचा फायदा ज्याला आधी मिळाला तो मास्तर झाला, पाळक झाला, आणि दुसऱ्या दलिताला खालच्या आवाजात 'त्यांच्यातले' म्हणू लागला. अरे, तू कधीपासून वाड्यावर राहायला गेलास? इथं उतरायची पायरी तुझी आहे. इथं नम्रता तू शिकायची. ब्राह्मणाला शिव्या द्यायचा तुझा हक्क मांगाच्या घरी जेवल्यावर सुरू होतो.

घरात तर प्रत्येक पुरुष पाटील. 'बायकांनो, नवऱ्याच्या अधीन असा' एवढं त्याला तोंडपाठ. इफिसच्या पत्रात त्याच्या एक ओळ आधी सगळ्यांनी एकमेकांच्या अधीन व्हावं असं आहे, तिथं त्याचा चष्मा हरवतो. दिवसभर साहेबापुढं वाकायचं आणि संध्याकाळी बायकोला वाकवायचं, ही ख्रिस्ती नम्रता नव्हे आणि आंबेडकरी विद्रोहही नव्हे. मी आंबेडकरी घरांतही हा पाटील पाहिलाय. तिथंही तो भिंतीवरच्या फोटोखालीच बसतो. फोटो वेगळा एवढंच.

खाली उतरणं म्हणजे काय, याचं एक उदाहरण देतो. लक्ष्मीबाई टिळक. नवरा, नारायण वामन टिळक, 1895 साली ख्रिस्ती झाला. ही चित्पावन ब्राह्मणाची बायको. नवऱ्याकडं परत राहायला आली तरी हिचं सोवळं चालूच. मग एकेक गाठ सुटत गेली. कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं आणि मग ठरवलं ते केलं. 1900 साली बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे'त तिनं हे सगळं स्वतःवर हसत लिहिलंय. तिनं आम्हाला नम्रतेवर उपदेश केला नाही. ती स्वतः पायरी उतरली आणि उतरताना आपण किती वर बसलो होतो ते तिला दिसलं. ब्राह्मणाला जर कुणी विचारलं, ख्रिस्ती नम्रता कशी असते, तर त्यानं तिच्याकडं बघावं. आमच्याकडं बघू नये. आम्हाला दुसरं काम आहे.

आमचं काम उभं राहायचं. दीडशे वर्षं गुडघ्यांवर राहून आमचे गुडघे झिजले. देवापुढं गुडघे टेकायचे तर आधी माणसापुढं सरळ उभं राहता आलं पाहिजे, नाहीतर देवापुढचं गुडघे टेकणंही जोहारच. ज्याला ताठ उभं राहता येतं त्याच्याच वाकण्याला किंमत आहे.

म्हणून माझ्या ख्रिस्ती भावांनो, बहिणींनो, पुढच्या रविवारी पाळक नम्रतेवर बोलायला उभा राहिला की हात वर करा. उपासनेत प्रश्न विचारायची चाल नाही म्हणतील. चाल पाडा. आवाज चढवू नका, शिवी देऊ नका, फक्त विचारा: 'साहेब, हा उपदेश कुणासाठी? आणि तुमची झाडायची पाळी कधी?'

उत्तर येईपर्यंत खाली बसू नका.

जयभीम.